क्रिटिकल रेस थिअरी: लॉ स्कूलमधला प्रश्न, शाळांमधला वाद

पिंपळपान

अमेरिकेतल्या शाळांच्या बातम्यांत 'क्रिटिकल रेस थिअरी' (सीआरटी) हे नाव २०२० पासून सतत येतं. मराठीत तिचं वर्णन एक तर 'गोऱ्यांचा द्वेष शिकवणारी विचारसरणी' असं होतं, नाही तर 'गुलामगिरीचा खरा इतिहास' असं. दोन्हींतून मूळ गोष्ट हाती लागत नाही. ही कायद्याच्या अभ्यासातली एक शाखा आहे आणि तिचा प्रश्न अगदी नेमका आहे. नियमात वंशाचा उल्लेख नाही, नियम करणाऱ्याचा हेतू वाईट होता असंही दाखवता येत नाही, तरी फटका वर्षानुवर्षं एकाच समाजाला बसतो. कायद्याने याला भेदभाव म्हणायचं का?

सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली 'वॉशिंग्टन विरुद्ध डेव्हिस' खटल्यात याला बहुतांशी 'नाही' असं उत्तर दिलं. वॉशिंग्टन शहराच्या पोलीस भरतीत 'टेस्ट २१' नावाची परीक्षा होती, मुख्यतः शब्दसंग्रह आणि वाचनाची. तिच्यात नापास होण्याचं कृष्णवर्णीय उमेदवारांचं प्रमाण गोऱ्यांच्या चौपट होतं. न्यायालय म्हणालं, निव्वळ परिणाम विषम असल्याने घटनेचा भंग होत नाही, भेदभावाचा हेतू सिद्ध करा.

या भूमिकेची सर्वांत कठोर परीक्षा १९८७ च्या 'मॅक्लेस्की विरुद्ध केम्प' खटल्यात झाली. डेव्हिड बाल्डस आणि सहकाऱ्यांनी जॉर्जियातली खुनाची दोन हजारांहून जास्त प्रकरणं तपासली. गुन्ह्याचं स्वरूप, आरोपीचा पूर्वेतिहास असे ३९ घटक हिशेबात घेऊनही असं दिसलं की मृत व्यक्ती गोरी असेल तर फाशीची शक्यता ४.३ पट होते. न्यायालयाने आकडेवारी ग्राह्य धरून पुढे विचार केला आणि तरीही ५ विरुद्ध ४ मतांनी अपील फेटाळलं. कारण तेच: या आरोपीच्या बाबतीत कुणी जाणूनबुजून भेदभाव केल्याचा पुरावा नाही. मॅक्लेस्कीला १९९१ मध्ये मृत्युदंड दिला गेला. बहुमताचं निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती पॉवेल यांनी निवृत्तीनंतर आपल्या चरित्रकाराला सांगितलं की एक मत बदलता आलं असतं तर ते हे.

सीआरटी वाढली ती या दोन खटल्यांच्या मधल्या काळात. ॲलन फ्रीमन यांनी १९७८ च्या लेखात दाखवलं की न्यायालयं भेदभावाकडे करणाऱ्याच्या बाजूने बघतात: दोषी कोण, त्याचा हेतू काय. सोसणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर प्रश्न बदलतो: घर, नोकरी, शाळा यांची परिस्थिती सुधारली का? डेरिक बेल यांनी साठच्या दशकात नागरी हक्कांचे वकील म्हणून गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या शाळा एकत्र करण्याचे तीनशेहून जास्त खटले हाताळले होते. १९७१ मध्ये ते हार्वर्ड लॉ स्कूलचे कायमस्वरूपी नेमणूक मिळालेले पहिले कृष्णवर्णीय प्राध्यापक झाले. खटले जिंकूनही कृष्णवर्णीयांच्या शाळा बंद पडल्या आणि त्यांच्या हजारो शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. विजयातून नेमकं कुणाला काय मिळालं, हा त्यांचा प्रश्न तिथून आला. १९८० च्या लेखात त्यांनी मांडलं की कृष्णवर्णीयांना न्याय मिळतो तो मुख्यतः गोऱ्यांच्या हिताशी त्याचा मेळ बसतो तेव्हाच.

किंबर्ली क्रेनशॉ यांचा 'इंटरसेक्शनॅलिटी'चा लेख १९८९ चा. आज हा शब्द कुठेही वापरला जातो, म्हणून त्यामागचा खटला मुद्दाम सांगतो. सेंट लुईसच्या जनरल मोटर्स कारखान्यात १९६४ पूर्वी कृष्णवर्णीय बायकांना जवळपास घेतच नसत. पुढे मंदी आली आणि 'शेवटी आलेला आधी बाहेर' या नियमाने कपात झाली. १९७० नंतर लागलेल्या सगळ्या कृष्णवर्णीय बायकांच्या नोकऱ्या गेल्या. पाच जणी कोर्टात गेल्या. लिंगभेद मान्य झाला नाही, कारण कंपनीने बायका घेतल्या होत्या (गोऱ्या, कार्यालयात). वंशभेदासाठी कृष्णवर्णीय पुरुषांच्या वेगळ्या खटल्यात सामील व्हा असं सुचवलं गेलं. दोन्ही कारणं एकत्र धरायला न्यायालय तयार नव्हतं. त्या संकल्पनेचा गाभा एवढाच आहे.

१९८९ च्या जुलैत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन इथे या मंडळींची पहिली कार्यशाळा झाली आणि हे नाव रुळलं.

कलम_चौदा

उत्तम मांडणी. एक जोड देतो, कारण चर्चेत नेहमी घोळ होतो तो इथे. डेव्हिस खटल्यातली 'हेतू'ची अट घटनेखालच्या दाव्यांना आहे. नोकरीबाबत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सातवं प्रकरण लागू होतं (१५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकाला), आणि तिथे हेतूशिवाय नुसत्या परिणामावरही दावा चालतो. हे ठरलं १९७१ च्या 'ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर' खटल्यात. नॉर्थ कॅरोलायनातल्या या वीज कंपनीत कृष्णवर्णीयांना फक्त मजुरी विभागात ठेवत. २ जुलै १९६५ ला कायदा लागू झाला, आणि त्याच दिवसापासून कंपनीने वरच्या विभागांत जाण्यासाठी दोन अभियोग्यता चाचण्या लावल्या. हायस्कूल प्रमाणपत्राची अट त्याआधीपासून होती. कामाशी या अटींचा संबंध कंपनीला दाखवता आला नाही. निकाल एकमताने कंपनीविरुद्ध लागला.

असा दावा तीन पायऱ्यांनी चालतो. पहिली, फिर्यादीने नेमकी कोणती अट विषम परिणाम करते ते दाखवायचं. दुसरी, ती अट कामासाठी आवश्यक आहे हे मालकाने सिद्ध करायचं. तिसरी, मालकाने ते केलं तरी तेच साधणारा आणि कमी विषम असा पर्याय उपलब्ध होता आणि मालकाने तो नाकारला, असं फिर्यादीला दाखवता येतं. १९९१ च्या दुरुस्तीने हे कायद्यात लिहिलं गेलं.

पहिल्या पायरीसाठी १९७८ पासून 'चार-पंचमांश'चा ठोकताळा वापरतात. समजा २०० गोऱ्या अर्जदारांपैकी १२० निवडले, म्हणजे ६० टक्के. ८० कृष्णवर्णीयांपैकी ३२, म्हणजे ४० टक्के. ४० भागिले ६० म्हणजे ०.६७. हे ०.८ च्या खाली आहे, म्हणून पुढची तपासणी हवी. इथे दोन ठिकाणी लोक फसतात. अर्जदार थोडे असतील तर एकदोघांच्या निवडीने गुणोत्तर उलटंपालटं होतं, म्हणून सांख्यिकी चाचणी सोबत लागते. दुसरं, एकूण निकाल समतोल आला म्हणजे सुटलो असं नाही. 'कनेटिकट विरुद्ध टील' (१९८२) नुसार मधल्या एका टप्प्यावरची गाळणीही वेगळी तपासली जाते.

उलट बाजूही आहे. न्यू हेवनच्या अग्निशमन दलात २००३ मध्ये बढतीची परीक्षा ११८ जणांनी दिली. निकालानुसार त्यावेळच्या रिक्त जागांवर एकाही कृष्णवर्णीयाला बढती मिळत नव्हती. आपल्यावर खटला होईल या भीतीने शहराने परीक्षाच रद्द केली. उत्तीर्ण झालेले, बहुतेक गोरे, कोर्टात गेले आणि २००९ मध्ये 'रिची विरुद्ध डीस्टेफानो' ५-४ ने जिंकले. सबळ पुराव्याचा आधार नसताना केवळ धास्तीपोटी निकाल फेकून देणं हाच वंशाधारित भेदभाव ठरला.

एप्रिल २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने केंद्रीय यंत्रणांना अशा 'परिणाम'वाल्या प्रकरणांना प्राधान्य देऊ नका असं सांगितलं आहे. पण आदेशाने १९९१ चा कायदा पुसला जात नाही. खासगी दावे करता येतात.

दुसरी_बाजू

पिंपळपान, ओळख प्रामाणिक आहे, पण टीकाकारांना जागाच दिली नाही. सीआरटीवरचे सर्वांत भेदक आक्षेप टीव्हीवरून आले नाहीत, लॉ स्कूलांतूनच आले. रँडल केनेडी हे हार्वर्डचेच कृष्णवर्णीय प्राध्यापक. त्यांनी १९८९ मध्येच विचारलं की लेखकाचा वंश हा त्याच्या विद्वत्तेच्या बाजूने पुरावा कसा धरायचा? काही सीआरटी लेखकांचा दावा होता की अल्पसंख्य अभ्यासकांना अनुभवामुळे वेगळी दृष्टी असते. केनेडींचं म्हणणं, लेख लेखावर जोखा. १९९७ मध्ये डॅनियल फार्बर आणि सुझाना शेरी यांनी कथाकथनाच्या पद्धतीवर बोट ठेवलं. लेखात युक्तिवादाच्या जागी अनुभव किंवा कल्पित कथा ठेवली तर ती प्रातिनिधिक आहे की अपवादात्मक, हे वाचक तपासणार कसं?

माझा स्वतःचा आक्षेप बेल यांच्या हितसंबंधांच्या सिद्धांतावर आहे. सुधारणा झाली तर 'गोऱ्यांचं हित होतं म्हणून', नाही झाली तर 'हित नव्हतं म्हणून'. मग तो खोटा ठरवायचा कसा?

शिवाय फरक दिसला की कारण वंशवादच, अशी घाई सीआरटीच्या लोकप्रिय आवृत्तीत सर्रास होते. वय, स्थलांतराचा काळ, कुटुंबाची रचना, पालकांचं शिक्षण हे घटक वेगळे काढल्याशिवाय असं म्हणता येत नाही. बाल्डस यांनी आपल्या विषयातले असे घटक काढले होते, म्हणूनच त्यांचं काम टिकलं. हे कष्ट न घेता केलेले दावे त्याच पंक्तीत बसवू नयेत.

आणि द्वेषमूलक भाषणाचा मुद्दा राहिलाच. मारी मात्सुदा, रिचर्ड डेल्गाडो यांनी अशा भाषणावर कायदेशीर बंधनं सुचवली. हेन्री लुई गेट्स यांनी १९९३ मध्ये बजावलं की अशी हत्यारं शेवटी अल्पसंख्यांवरच उलटतात.

पिंपळपान

दुसरी_बाजू, केनेडींचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. आजही त्याला पुरेसं उत्तर मिळालेलं नाही.

हितसंबंधांच्या सिद्धांताबाबत मात्र असहमत. बेल यांनी १९८० मध्ये अंदाज बांधला होता, पुरावा नंतर दफ्तरखान्यांतून आला. मेरी डुडझियाक यांनी १९८८ मध्ये सरकारी कागदपत्रं काढून दाखवली. शाळांतलं वंशविभाजन घटनाबाह्य ठरवणाऱ्या 'ब्राउन' खटल्यात डिसेंबर १९५२ मध्ये केंद्र सरकारने न्यायालयात मांडलेल्या निवेदनात परराष्ट्रमंत्री डीन ॲचिसन यांचं म्हणणं जोडलं होतं: वंशभेदामुळे परदेशांत अमेरिकेची नाचक्की होते आणि सोव्हिएत प्रचाराला आयतं खाद्य मिळतं. शीतयुद्धाचं हित सरकारनेच लेखी मांडलं होतं. सिद्धांत खोटा ठरवायचा तर अशा कागदांत उलटं चित्र शोधायचं: सुधारणा झाली, सत्ताधाऱ्यांना स्पष्ट तोटा दिसत होता, आणि तरी ती टिकली. ही चाचणी घेता येते. प्रत्येक सुधारणेला हे एकच कारण लावणं मात्र चूक, तिथे तुम्ही बरोबर आहात.

जुने_कागद

'व्यवस्थेतला वंशवाद' समजावताना लाल रेघांचे नकाशे (कर्जासाठी धोक्याच्या ठरवलेल्या वस्त्या लाल दाखवणारे) सगळे दाखवतात. त्यात एक दुरुस्ती हवी, कारण विरोधक नेमकं इथेच पकडतात. ते रंगीत नकाशे १९३३ साली स्थापन झालेल्या गृहकर्ज महामंडळाचे. पण त्या महामंडळाची बहुतेक कर्जं नकाशे तयार होण्याआधीच दिली गेली होती, आणि कृष्णवर्णीय वस्त्यांतही दिली गेली होती. खरं नुकसान केलं १९३४ च्या केंद्रीय गृहनिर्माण प्रशासनाने, म्हणजे कर्जांना सरकारी हमी देणाऱ्या संस्थेने. तिच्या नियमपुस्तिकेत १९३८ साली ठरावीक वंशाच्या लोकांना घर द्यायला बंदी घालणाऱ्या करारांची शिफारस छापलेली होती. हमी नाही म्हणजे स्वस्त आणि लांब मुदतीचं कर्ज नाही, घर नाही, पुढच्या पिढीला वारसा नाही. १९६८ च्या कायद्याने घरविक्रीतला भेदभाव बंद केला, पण मधल्या ३४ वर्षांत इतरांच्या घरांच्या किमती वाढून गेल्या होत्या.

दुसरा कागद आपल्या जवळचा. वंश ही कायद्याने घडवलेली गोष्ट आहे असं सीआरटी म्हणते तेव्हा अनेकांना ते हवेतलं वाटतं. भगतसिंग थिंड यांचा १९२३ चा निकाल वाचा. १७९० च्या कायद्याने परदेशी माणसाला नागरिकत्व मिळायचं तर तो 'मुक्त गोरा' हवा. १८७० मध्ये आफ्रिकी वंशाचे लोक त्यात आले, आशियाई नाहीत. नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांना न्यायालय म्हणालं, त्वचेचा रंग कामाचा नाही, गोरा म्हणजे कॉकेशियन, आणि तुम्ही ते नाही. तीनच महिन्यांनी थिंड आले. जन्म पंजाबचा, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात नोकरी. त्यांनी मानववंशशास्त्राचे दाखले दिले की उत्तर हिंदुस्थानी लोक कॉकेशियन आहेत. आपली जात उच्च आहे, हाही युक्तिवादाचा भाग होता. तेच न्यायमूर्ती सदरलँड या वेळी म्हणाले, शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. तीन महिन्यांत मोजपट्टी बदलली आणि दोन्ही वेळा आशियाई माणूस बाहेर राहिला.

त्यानंतर सरकारने आधी दिलेली नागरिकत्वं काढून घ्यायला सुरुवात केली. थिंड यांच्या वकिलांपैकी एक होते सखाराम गणेश पंडित. त्यांचं स्वतःचं नागरिकत्व १९१४ चं, तेही रद्द करायचा दावा झाला. ते गोरे आहेत की नाही या वादात अडकण्याऐवजी पंडितांनी वेगळा मुद्दा लढवला: सरकारने नागरिकत्व दिलं, त्या भरवशावर माणसाने आयुष्य उभं केलं, व्यवसाय, संसार, मालमत्ता सगळं त्यावर उभं आहे, आता सरकारला मागे फिरता येणार नाही. १९२६ मध्ये अपील न्यायालयात ते जिंकले आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं अपील ऐकायला नकार दिला. हिंदुस्थानी लोकांना नागरिकत्वाचा मार्ग १९४६ मध्ये खुला झाला, तोही वर्षाला १०० स्थलांतरितांच्या कोट्यासह.

सह्याद्रीवारा

पंडितांच्या खटल्याबद्दल धन्यवाद, हे मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. पण मग हे सगळं शाळांपर्यंत पोचलं कसं? पाचवी-सहावीत सीआरटी शिकवतात, हे खरं की खोटं?

खडू_फळा

याला एका शब्दात उत्तर नाही. लॉ स्कूलमधली सीआरटी, म्हणजे वर चाललेली हेतू-परिणामाची चर्चा, पाचवीच्या वर्गात नसते. पण 'शाळांशी काही संबंधच नाही' हेही खरं नाही. १९९५ मध्ये ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज आणि विल्यम टेट यांनी ती शिक्षणशास्त्रात आणली, आणि शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयांत ती वाचली जाते. देशातल्या सर्वांत मोठ्या शिक्षक संघटनेने २०२१ च्या अधिवेशनात तिला पाठिंबा देणारा ठराव केला. याहून मोठा वाटा कार्यशाळांचा आहे. मे २०२० मध्ये पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर कंपन्या आणि शाळा-जिल्ह्यांनी घाईघाईने प्रशिक्षणं विकत घेतली. त्यांतलं बरंचसं साहित्य सीआरटीशी नावापुरतंच जोडलेलं होतं. जुलै २०२० मध्ये वॉशिंग्टनच्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहास संग्रहालयाच्या वेबसाइटवरचा एक तक्ता गाजला. त्यात कठोर परिश्रम, तर्कशुद्ध विचार ही 'गोऱ्या संस्कृती'ची लक्षणं म्हणून दिली होती. टीका झाल्यावर तो काढला. हे सदोष होतं आणि कृष्णवर्णीय मुलांचाच अपमान करणारं होतं, हे स्पष्ट म्हणायला हवं.

ख्रिस्तोफर रुफो या कार्यकर्त्याने अशी प्रशिक्षणाची कागदपत्रं गोळा केली आणि २ सप्टेंबर २०२० ला फॉक्स न्यूजवर राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांना कृतीचं आवाहन केलं. ४ सप्टेंबरला अशी प्रशिक्षणं थांबवा असं केंद्रीय खात्यांना पत्र गेलं, २२ सप्टेंबरला आदेश क्रमांक १३९५० निघाला. त्यात प्रशिक्षणात मनाई केलेल्या नऊ 'फूट पाडणाऱ्या संकल्पना' होत्या. बायडेन यांनी पहिल्याच दिवशी आदेश रद्द केला, पण ती यादी राज्यांनी उचलली: आयडाहो, ओक्लाहोमा, टेनेसी, टेक्सास, मग फ्लोरिडा. मार्च २०२१ मध्ये रुफो यांनी जाहीरपणे लिहिलं की लोकांना न पटणाऱ्या सगळ्या सांस्कृतिक गोष्टी या एका नावाखाली आणणं हेच उद्दिष्ट आहे. म्हणजे नावाचा अर्थ पसरट झाला तो अपघाताने नव्हे.

आता कायद्यांकडे. एखादं विधेयक हाती आलं तर चार जागा बघा.

क्रियापद आधी. 'शिकवणं' बंद आहे, 'सक्तीने मान्य करायला लावणं' बंद आहे, की 'पुरस्कार करणं'? तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नुसत्या 'शिकवण्या'वर बंदी असेल तर विचार समजावून त्यावर टीका करणंही अडचणीचं ठरतं.

मग अस्वस्थतेचं कलम. बहुतेक कायदे म्हणतात की विद्यार्थ्याला 'त्याच्या वंशामुळे अपराधी वाटायला हवं' असं शिकवू नये. धडा वाचून मुलाला वाईट वाटलं तर तो भंग नाही. तक्रारी मात्र याच फरकावर घसरतात. टेनेसीतल्या विल्यमसन काउंटीत २०२१ मध्ये जी तक्रार झाली तिच्यात रुबी ब्रिजेस यांच्यावरचं मुलांचं पुस्तक होतं. १९६० मध्ये सहा वर्षांची ही कृष्णवर्णीय मुलगी केंद्रीय मार्शलांच्या (सुरक्षा अधिकाऱ्यांच्या) पहाऱ्यात न्यू ऑर्लिन्समधल्या गोऱ्यांच्या शाळेत गेली, तेव्हाचा जमाव त्या पुस्तकात आहे. तक्रार तांत्रिक कारणाने फेटाळली गेली: धडे कायदा लागू होण्याआधीच्या वर्षातले होते.

तिसरं, सूट. गुलामगिरी, वंशविभाजन शिकवायला परवानगी आहे असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. फ्लोरिडात तर ते शिकवणं सक्तीचं आहे. पण टेक्सासच्या कायद्यात 'वादग्रस्त विषयावर वेगवेगळे दृष्टिकोन द्या' असंही कलम होतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये साउथलेकच्या एका अधिकाऱ्याने शिक्षकांना सांगितलं की हॉलोकॉस्टवरचं पुस्तक ठेवलं तर विरुद्ध बाजूचंही ठेवा. जिल्ह्याने नंतर माफी मागितली, पण कलम सैल लिहिलं की वर्गात काय होतं ते दिसलं.

शेवटी शिक्षा. टेनेसीत जिल्ह्याच्या सरकारी निधीतून कपात: पहिल्या भंगाला २ टक्के किंवा १० लाख डॉलर, जे कमी असेल ते, आणि पुढे चढत जाते. ओक्लाहोमाने २०२२ मध्ये टल्सा जिल्ह्याची मान्यता खाली आणली, तीही शिक्षकांच्या एका प्रशिक्षणावरून. न्यू हॅम्पशायरमध्ये थेट शिक्षकाचा परवाना धोक्यात होता. तो कायदा मे २०२४ मध्ये केंद्रीय न्यायाधीशांनी रद्द केला, कारण काय बोललं तर भंग होतो हे शिक्षकाला कळणंच शक्य नव्हतं. फ्लोरिडाच्या कायद्यातली कंपन्यांच्या प्रशिक्षणावरची बंदी मार्च २०२४ मध्ये अपील न्यायालयात टिकली नाही.

दुसरी_बाजू

खडू_फळा, कायदे गचाळ लिहिलेत हे मान्य. पण पालकांचा राग निव्वळ प्रचारातून आला असं नाही. सॅन फ्रान्सिस्कोत शाळा बंद असताना मंडळाने जानेवारी २०२१ मध्ये ४४ शाळांची नावं बदलायचं ठरवलं. लोवेल हायस्कूलची गुणवत्तेवरची प्रवेशपद्धतही काढली. फेब्रुवारी २०२२ मध्ये मतदारांनी मंडळाच्या तीन सदस्यांना मतदानाने पदावरून काढलं, आणि त्यात चिनी वंशाचे पालक आघाडीवर होते. त्या शहरात रिपब्लिकन मतं फार कमी आहेत.

आपल्या लोकांना जास्त लागणारं उदाहरण व्हर्जिनियाच्या थॉमस जेफरसन हायस्कूलचं.

कलम_चौदा

ते उदाहरण तर या धाग्याच्या मुळावरच येतं. फेअरफॅक्स काउंटीने २०२० मध्ये तिथली प्रवेशपरीक्षा आणि १०० डॉलरचं शुल्क काढलं. प्रत्येक माध्यमिक शाळेतल्या आठवीच्या १.५ टक्के मुलांसाठी जागा राखल्या, आणि मोफत जेवण मिळणारी, इंग्रजी नव्याने शिकणारी मुलं वगैरे 'अनुभव घटक' जमेस धरले. वंशाचा उल्लेख कुठेच नाही. आशियाई मुलांचा वाटा सुमारे ७३ टक्क्यांवरून ५४ वर आला. पालकांची आघाडी, त्यात भारतीय वंशाचे बरेच, कोर्टात गेली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये जिल्हा न्यायालयात जिंकली. मे २०२३ मध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला. धोरण वंशनिरपेक्ष आहे, आणि आशियाई मुलांना डावलण्याचा हेतू सिद्ध झाला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

म्हणजे १९७६ ची हेतूची अट इथे आशियाई पालकांना आडवी आली. फ्रीमन आणि बेल ज्या भिंतीबद्दल लिहीत होते तीच. या पालकांपैकी अनेकांनी सीआरटीला कडाडून विरोध केला असेल, आणि त्यांचा प्रवेशाचा आक्षेप मला रास्तही वाटतो. पण कागदावर तटस्थ असलेल्या नियमाचा परिणाम बघा, ही त्यांची मागणी सीआरटीचीच आहे. उलट जे परिणामावर भर देतात त्यांनी इथे हेतूच्या अटीमागे आडोसा घेतला. दोन्ही गटांनी हा खटला समोर ठेवून आपली भूमिका पुन्हा तपासावी असं मला कळकळीने वाटतं.

जुने_कागद

भारताशी जोडताना जपून. महात्मा फुल्यांनी १८७३ चा ग्रंथ गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केला, बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉईस यांना पत्र लिहिलं, १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने नाव तिथल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतलं. हे धागे खरे आहेत, पण हे सगळे सीआरटीच्या आधीचे.

कलम_चौदा

थेट संबंध आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत आहे. २५ मार्च २०२१ चा लेफ्टनंट कर्नल नितीशा खटला, निकालपत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांचं. सैन्यातल्या महिला अधिकाऱ्यांना कायम नियुक्ती उशिरा खुली झाली आणि वैद्यकीय निकष तर पुरुषांचेच लावले. पुरुषांची ती तपासणी सेवेच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी झाली होती, या बायका त्या वयाच्या कितीतरी पुढे गेलेल्या. त्यांचे गोपनीय अहवालही कायम नियुक्तीचा विचार नसताना लिहिलेले. न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं, हेतूची अट लावली नाही, आणि ग्रिग्जचा आधार घेतला. पुढच्याच महिन्यात बलात्काराच्या पटण जमाल वली खटल्यात, पीडिता दृष्टिहीन आणि अनुसूचित जातीची असताना, न्यायालयाने क्रेनशॉ यांची मांडणी वापरली.

अमेरिकेतल्या जातीच्या कायद्यांचा वाद हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे. सिअ‍ॅटलने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीला भेदभावाच्या यादीत घातलं, ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत मूळच्या पुण्याच्या. कॅलिफोर्नियाचं तसंच विधेयक गव्हर्नरांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये सही न करता नाकारलं, कारण सध्याच्या कायद्यातच ते येतं असं त्यांचं म्हणणं.

सह्याद्रीवारा

तिथल्या पालकाने आपल्या मुलाच्या शाळेत काय चाललंय हे तपासायचं तर सुरुवात कुठून करावी?

खडू_फळा

राज्याच्या शिक्षण खात्याच्या वेबसाइटवर इयत्तेनुसार समाजशास्त्राची मानकं असतात, ती उतरवून घ्या. मग जिल्ह्याने कोणतं पुस्तक आणि कोणता अभ्यासक्रम विकत घेतलाय ते बघा. शाळा मंडळाच्या बैठकांच्या इतिवृत्तात खरेदीची नोंद सापडते. शिक्षक प्रशिक्षणाचं साहित्य सहसा प्रसिद्ध करत नाहीत. ते राज्याच्या माहिती-अधिकार कायद्याखाली मागावं लागतं, आणि अर्जात तारीख, प्रशिक्षण देणारी संस्था आणि सादरीकरणाची प्रत एवढंच नेमकं मागा. 'सीआरटीविषयी सर्व कागदपत्रं' असं लिहिलं तर शोध-शुल्क प्रचंड लागतं किंवा 'असं काही नाही' असं उत्तर येतं, कारण कागदावर ते नावच नसतं. हातात आलेलं पान पूर्ण धड्यासोबत वाचा, शिक्षकाच्या मार्गदर्शिकेसकट. आक्षेप असेल तर आधी शिक्षकाशी बोला, मग मुख्याध्यापक, मग मंडळ, आणि प्रत्येक वेळी पान क्रमांक आणि वाक्य द्या.